एका माळेला एक पिचकारी

आमच्या बिल्डिंगमध्ये हौसाबाईंना कुणी आजी म्हटलेलं चालत नाही. वय अडुसष्ट, डोक्यावर एक काळा केस शिल्लक नाही, तरी त्यांना मावशीच म्हणायचं. एकतीस वर्षं त्या मावशीच होत्या ना! कल्याणच्या एका मोठ्या दवाखान्यात, लहान मुलांच्या वॉर्डात त्या आया होत्या, आणि तिथे आयांना डॉक्टरांपासून वॉचमनपर्यंत सगळे मावशीच म्हणतात. रिटायर झाल्या, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

मूळ गाव माण तालुक्यातलं. लग्न करून शहाडला आल्या, नवरा कारखान्यात कामाला. मुलगा उत्तम तीन वर्षांचा असताना नवरा गेला आणि मावशी दवाखान्यात लागल्या. चौथी शिकलेल्या. पण जुलाब-उलट्यांनी आलेलं पोर बघितलं की डॉक्टरच्या आधी यांना कळायचं, किती पाणी उतरलंय ते. पोटाची कातडी चिमटीत धरायची आणि सोडायची. पटकन बसली तर ठीक, तंबूसारखी उभी राहिली तर धाव! ती चिमटी त्यांच्या बोटांत अशी बसलीय की अजूनही बाजारात वांगी घेताना त्या साल चिमटीत धरून बघतात. भाजीवाला म्हणतो, “मावशी, वांगंय ते, पोर नाय.”

उत्तमने टिटवाळ्याला, मांड्याच्या बाजूला, आमच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला. तळमजला. मी पहिल्या मजल्यावर. मी काही शिकलेली-सवरलेली नव्हे, मराठी शाळेतून अकरावी, मग संसार आणि दारातला गणपती. पण मावशींच्या बाबतीत जे झालं ते लिहून ठेवलं पाहिजे असं मला फार वाटतं, म्हणून लिहितेय.

तर झालं असं. मार्गशीर्षात आमच्या जिन्याखाली एका भटक्या कुत्रीने तीन पिल्लं दिली. महिन्याभरात पाण्याच्या टँकरखाली ती कुत्री गेली आणि पिल्लं उघडी पडली. मावशींनी पदर खोचला. जिन्याखाली गोणपाट टाकलं, खोका आणला, रोज सकाळ-संध्याकाळ ताटली भरून दूध. आम्ही म्हटलं, नावं काय ठेवायची? तर म्हणाल्या, “नावं ठिवली की जीव गुततो. वॉर्डात आमी नंबरनं वळखायचो. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर.” एक नंबर काळं, दोन नंबर करडं, आणि तीन नंबर तांबूस, मादी, एक कान उभा आणि एक पडलेला.

पौषात, एका शुक्रवारी एक नंबरला उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब, त्यात रक्त, आणि असा वास की जिन्यावरून जाताना नाकाला पदर लावावा लागायचा. मावशींना वाटलं थंडी बाधली. आणखी दूध पाजलं. शनिवारी दुपारी ते पिल्लू गेलं. रविवारी सकाळी दोन नंबर. मी खाली गेले तेव्हा मावशी पायरीवर बसल्या होत्या. रडत नव्हत्या. स्वतःवर चिडल्या होत्या.

“एकतीस वर्षं मी लेकरांच्या आयांवर वरडले,” त्या म्हणाल्या, “की जुलाब लागलेल्या लेकराला भांडंभर पाजू नका, चमच्या-चमच्यानं पाजा. आन् हितं मीच ताटली भरून दूध ठिवत हुते! कुत्र्याला दूधच द्यायचं, हे मला कुणी सांगितलं? कुणीच न्हाई. मीच धरून चालले.”

मग खोक्यात हात घालून त्यांनी तीन नंबरला उचललं. मान लुळी, नाक कोरडं. मानेवरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. तंबू! तो तंबू मीसुद्धा बघितला.

“दोन गेली माझ्या हातनं,” मावशी म्हणाल्या. “ही न्हाई जायची.”

सोमवारी सकाळी आम्ही दोघी रिक्षा करून शहाडला गेलो. तिथे डॉक्टर रोवेना आहेत, जनावरांच्या. तिशीच्या आतली मुलगी, ठाण्याकडच्या ख्रिश्चन गावठाणातली, गळ्यात बारीक क्रूस, आणि मराठी आमच्यापेक्षा झपाझप. तिने शी काडीवर घेऊन तपासली आणि दोन मिनिटांत सांगितलं, “पार्व्हो आहे, कुत्र्यांच्या जुलाब-उलट्यांचा विषाणू. लस न टोचलेल्या पिल्लांना होतो. याला मारायचं औषध नाही, मावशी. पिल्लाच्या अंगात पाणी टिकलं तर ते स्वतःच लढतं. पाणी गेलं तर संपलं.”

“म्हंजे आमच्या वॉर्डासारखंच की!” मावशी एकदम ताठ झाल्या. “मी जुलाबाच्या वॉर्डात हुते, डॉक्टर. एकतीस वर्षं.”

डॉक्टरने मान वर करून बघितलं. “खरंच? मग तुम्हीच मला सांगा, किती पाणी उतरलंय?”

“धा आणे गेलंय. सहा आणे ऱ्हायलंय.”

ती पोरगी हसली, पण वजन करून, हिरड्या दाबून तिनेही तेच सांगितलं. उलटी थांबवायचं इंजेक्शन दिलं, आणखी एक अँटिबायोटिकचं दिलं, आणि पाठीच्या कातडीखाली सलाइन भरलं. तीन नंबरच्या पाठीवर उंटासारखं वशिंड आलं! मला भीती वाटली, पण डॉक्टर म्हणाली हे हळूहळू अंगात मुरेल.

“ठेवून घ्या ना हिला,” मी म्हटलं.

“नाही जमणार, काकू. माझ्याकडे वेगळी खोली नाही आणि रोज बारकी पिल्लं लस टोचायला येतात. त्यांना लागण होईल. घरी करायचं आणि मला फोन करायचा. पण नीट ऐका.” मग तिने बोटांवर मोजून सांगितलं. आज रात्रभर पोट रिकामं. उद्या सकाळपासून ओआरएस, सुई काढलेल्या सिरींजने, दर दहा मिनिटांनी दोन मिली. गालाच्या बाजूने, घशात नाही. दूध नाही. कांद्याचा रस नाही, कांदा कुत्र्याला विष. जायफळ नाही, तेही विष. माणसाची गोळी तर अजिबात नाही. अंग गार पडू द्यायचं नाही. मान टाकली तर साखरेचं पाणी बोटाने हिरड्यांना चोळायचं आणि तसंच उचलून आणायचं.

“आणि उद्या संध्याकाळी पाचपर्यंत तिने सू केली पाहिजे,” ती म्हणाली. “सू झाली म्हणजे पाणी मूत्रपिंडापर्यंत पोचलं. नाही झाली तर काहीही करून इथे आणा, नसेतून सलाइन लावावं लागेल. आणि सहा महिन्यांखालचं, इतकं सुकलेलं पिल्लू असेल तर मग... बघू. तेव्हा पाच.”

“उद्या अंगारकी आहे हो,” माझ्या तोंडून गेलं.

टिटवाळ्यात अंगारकी म्हणजे काय ते सांगायला नको. देवळाच्या दीड मैल अलीकडून रस्ते बंद, रिक्षा बंद, बांबूचे कठडे, माणसांच्या रांगा. बाहेरून येणारा भक्त चालत येतो आणि आतला माणूस आतच राहतो.

मंगळवारी सकाळी सातला मी अंघोळ करून, उपासाचं सोवळं सांभाळत खाली आले तर मावशी पाणी उकळून गार करून बसल्या होत्या. पाकीट फोडून मापात मिसळलं आणि चमचाभर स्वतः चाखून बघितलं.

“असं का?” मी विचारलं.

“आसवाइतकंच खारट पायजे. जास्त झालं की पोर आणखी सुकतं. जीभ सांगती.”

तीन नंबर खोक्यात, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवलेली. डोळे अर्धे मिटलेले. मावशींनी सुई काढलेली सिरींज भरली. त्या तिला पिचकारी म्हणत. गाल जरा बाजूला ओढून थेंब थेंब सोडलं. तीन नंबरने जीभ हलवली! मी टाळीच वाजवणार होते.

“आता धा मिन्टं,” मावशी म्हणाल्या.

मी मोबाईलवर गजर लावू लागले तर त्यांनी हात धरला. “नको. वॉर्डात मी लई बघितलंय. घड्याळ बघत बसलेली आई पाच मिन्टांत हवालदिल होती. लेकरू ओठ चाटतंय बघून तिला दया येती. दोन मिन्टं आधीच देती, मग आणखी जरा देती, आन् सगळं उलटून पडतं. हात रिकामा ऱ्हायला की घात करतो. एक म्हातारी यायची नातवापाशी, ती माळ ओढायची. एक माळ, एक चमचा. तिचा हात गुतलेला ऱ्हायचा. तिचा नातू कधी उलटला न्हाई.”

मला तर आनंदच झाला! माझी माळ गणपतीच्या मंत्राची, एकशे आठ मणी, सावकाश म्हटली की नऊ मिनिटं. पिचकारी भरायला एक मिनिट. झाली दहा! अंगारकीचा जपही होणार आणि तीन नंबरचं पाणीही. मी पायरीवर आसन टाकलं आणि सुरू केलं. मेरुमण्याशी आले की मावशी पिचकारी द्यायच्या. बोलायचं काही नाही, फक्त मी मान हलवायची.

नऊ वाजता सेक्रेटरी साईनाथ खाली आला. कपाळाला टिळा, पायात नवी चप्पल. “मावशी, हे काय? रोगट जनावर जिन्याखाली? आज अंगारकीचे पाहुणे येणारेत सगळ्यांकडे! बाहेर ठेवा बघू.”

“बाहीर कुठं? रस्त्यावर चार लाख माणूस चाललंय.”

“पण लागण होईल ना!”

“माणसाला न्हाई होत, कुत्र्याला हुती. तुझ्या त्या झुपक्याला लस टोचलीय का?”

“टोचलीय,” साईनाथ म्हणाला. त्याच्याकडे केसाळ पांढरा कुत्रा आहे, त्यालाच सगळे झुपक्या म्हणतात.

“मग घाबरतोस कशाला? फिनेल नको आणू, त्यानं काय होत न्हाई. ब्लीचिंगचं पाणी आण आन् पायऱ्या धू. धुतल्याशिवाय कुणी वर जायचं न्हाई. सेक्रेटरी हायेस ना?”

आणि तो खरंच बादली घेऊन आला! पँट दुमडून जिना घासताना मी पहिल्यांदाच आमच्या सेक्रेटरीला बघितलं.

अकरापर्यंत बावीस माळा झाल्या. बावीस पिचकाऱ्या, एकही उलटी नाही! मावशींनी चिमटी घेतली. कातडी परतायला लागली होती, हळू, पण परतत होती. हिरडीला बोट लावून मला दाखवलं, ओली! “बघ गं पोरी, बघ!” म्हणत त्यांनी माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की दोन दिवस निळा होता.

पण त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीनच आठवडे झालेले. डोळ्यातून पाणी यायला लागलं. मी म्हटलं, “मावशी, ड्रॉप घाला आणि तासभर पडा. मी आहे.” त्या नाही-हो करत आत गेल्या आणि गाढ झोपल्या.

आणि इथेच आमचा घोटाळा झाला. तो मी लपवणार नाही.

बाराला आमच्या जपमंडळाच्या बायका जमायच्या होत्या. मला धरून अकरा जणी, तळमजल्यावरच्या सोसायटीच्या खोलीत, अंगारकीचा सामुदायिक जप. त्या आल्या आणि पाहिलं तर मी जिन्याखाली! मी सगळं सांगितलं. मग काय, खोलीतली सतरंजी जिन्याखाली आली. बायजाकाकू आल्या. वय सत्तर, कोकणातल्या, कडक सोवळं. त्यांनी येतानाच सहाणेवर जायफळ उगाळून वाटीत आणलं होतं. “आमच्या सहा नातवंडांना दिलेय. जुलाब लगेच बंद होतात.”

“काकू, कुत्र्याला विष ते! डॉक्टरने सांगितलंय.”

“जायफळ? विष?” काकू माझ्याकडे असं बघू लागल्या, जणू मीच विष घालतेय. दुसऱ्या मजल्यावरची करिश्मा, नवीन लग्न झालेली, मोबाईल पुढे करत म्हणाली, “काकी, इधर कांद्याचा रस लिहिलाय.” तेही नाही म्हटलं. दोघी जरा हिरमुसल्या. मग मीच म्हटलं, “जप करा ना. जिची माळ संपेल तिने पिचकारी द्यायची.”

माझं डोकं कुठे होतं कोण जाणे!

अकरा जणी, अकरा माळा. आणि प्रत्येकीला वाटतंय तीन नंबरला आपल्या हातून पाणी जावं, अंगारकीचं पुण्य आपल्या पदरात पडावं. सुरुवातीला सगळं शांत. मग करिश्माचे ओठ भराभर हलायला लागले. ते बघून बायजाकाकूंचे मणी पळायला लागले. मंत्र कसला, नुसती गुणगुण! काकूंची माळ संपली, त्यांनी पिचकारी दिली. लगेच करिश्माची संपली, तिने दिली. बाहेर रस्त्यावर ‘मोरया’चा गजर, आत माळांची शर्यत. “माझी झाली!” “आधी माझी झाली!” “काकू, तुम्ही मघाशीच दिलीत हां!” आणि तीन नंबर बिचारी चाटतेय, आम्हाला वाटतंय बघा कशी पितेय, बघा कशी पितेय! आम्ही हसत होतो, एकमेकींना टाळ्या देत होतो. मीसुद्धा.

दीड वाजता तीन नंबरने पोट आत ओढलं, मान पुढे काढली आणि भडाभडा सगळं ओकली. एकदा. दोनदा. मग आडवी झाली आणि डोळे मिटले.

करिश्माने पिचकारी खाली ठेवली.

मावशी आवाज ऐकून धावत आल्या, डोळ्यावर काळा चष्मा तिरपा. उलटी बघितली, सतरंजी बघितली, अकरा माळा बघितल्या. “तुजी माळ किती मिन्टांची?” त्यांनी मला विचारलं.

“नऊ.”

“आन् बायजाबाई, तुमची?”

बायजाकाकूंनी माळ पदराखाली घेतली. करिश्माने मोबाईल बघून हळूच सांगितलं, “मावशी, माझी तीन मिनटाची झालेली शेवटी.”

“देवाला घाई हाय का गं?” मावशी म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. “त्याच्या दारात माणसं सात-सात तास रांगेत उभी हायेत, तो कुणाला म्हनला का, पटापट सरका? तुमालाच तेवढी घाई.”

मग आम्ही डॉक्टरला फोन लावला. स्पीकरवर. तिने विचारलं, “उलटीत रक्त आहे का? मान धरतेय का? अर्धा तास काहीही देऊ नका. साखरपाणी बोटाने हिरडीला लावा. मग एक मिलीने सुरू करा, एकच. आणि काकू, पाच लक्षात आहे ना?”

मावशींनी साखरपाणी चोळलं. तीन नंबरने डोळा उघडला, पण आमच्याकडे नाही, कुठेतरी पलीकडे बघत होती. बायजाकाकू खाली मान घालून उठल्या, वर गेल्या. मला वाटलं रुसल्या. तर त्या जायफळाची वाटी धुऊन ठेवून गरम पाण्याची दुसरी बाटली घेऊन आल्या. “हिचे पाय गार लागतायत,” एवढंच म्हणाल्या.

दोन वाजता पुन्हा सुरू. या वेळी मावशींनी नियम घातला. माळ एकच, हात एकच, माझा. बाकीच्या दहा जणींनी माळा पिशवीत ठेवायच्या आणि माझ्याबरोबर मोठ्याने म्हणायचं, एका सुरात. मोठ्याने म्हटलं की पळता येत नाही! अकरा बायकांचा आवाज जिन्यात असा घुमला की वरच्या मजल्यावरचे पाहुणे खाली वाकून बघू लागले. माळ झाली की मावशींनी एक मिली. परत माळ. परत एक मिली. तीन वाजले. ओकली नाही. साडेतीनला दीड मिली. ओकली नाही! चारला दोन.

पण सू नाही.

मावशी दर दोन माळांनी खोक्यातलं फडकं हातात घेऊन तोलायच्या. वॉर्डात लंगोट तोलायच्या तसं. “कोरडं,” म्हणायच्या. सव्वाचार. “कोरडं.” साडेचार. “कोरडं.” साईनाथ आता बादली सोडून तिथेच पायरीवर बसला होता, गुडघ्यावर कोपर टेकून. करिश्माने तर खोक्याकडे तोंड करून “बेबी, कर ना, प्लीज कर ना” सुरू केलं. सगळी बिल्डिंग एका पिल्लाच्या मुतण्याची वाट बघत होती!

पावणेपाचला मावशी उठल्या. “बास. चला, शहाडला.”

“कसं जाणार? रिक्षा एक नाही,” मी म्हटलं.

साईनाथ उठला. “माझी स्कूटर आहे. मागच्या बाजूने, नदीकडच्या कच्च्या रस्त्याने काढतो. तिथे कठडे नाहीत. पण मावशी, मागे तुम्ही बसायचं आणि तिला धरायचं. मी नाय हात लावणार, सांगून ठेवतो.”

मावशी बसल्या! अडुसष्ट वर्षांच्या, डोळ्याला काळा चष्मा, लुगड्याचा पदर कमरेला, आणि मांडीवर फडक्यात तीन नंबर. मला म्हणाल्या, “तू पिचकारी आन् बाटली घेऊन धावत ये, फाट्यापातुर. वेळ चुकवायची न्हाई.” आणि मी, उपासाची, माळ मनगटाला गुंडाळून, एका हातात ओआरएसची बाटली घेऊन स्कूटरच्या मागे पळायला लागले! खड्ड्यांमुळे स्कूटरही माझ्याच चालीने चालली होती म्हणा. पाठीमागून बायका आणि गेटवरचा वॉचमन. समोरून देवळाकडे निघालेली माणसं बाजूला होत होती. कुणीतरी विचारलं, “काय झालं?” करिश्माने मागून ओरडून सांगितलं, “इमर्जन्सी!”

गेटपासून दोनशे पावलं गेलो असू. आणि मावशी किंचाळल्या.

“थांब! साईनाथ, थांब! थांबव मेल्या!”

साईनाथने करकचून ब्रेक मारला. मीही जागेवर खिळले. मला वाटलं, गेली. माझ्या मनात देवाचं नाव आलं आणि अर्ध्यावर अडकलं.

मावशी स्कूटरवरून उतरल्या. फडकं बाजूला केलं. लुगड्यावर, मांडीच्या जागी, ताटलीएवढा ओला डाग. वर येत होता तो वाफाळता वास!

“मुतली!” मावशी म्हणाल्या. मग मोठ्याने, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं, “मुतली गं, मुतली!”

काय सांगू! साईनाथ स्टँड न लावता उतरला, स्कूटर आडवी पडली, त्याला भान नाही. करिश्मा उड्या मारत होती. देवळाकडे चाललेल्या एका बाईने काय झालं न कळताच ‘मोरया’ म्हणून घेतलं. तीन नंबरने या गोंगाटात मान उचलली आणि मावशींच्या मनगटावरचा ओला भाग चाटला. स्वतःहून! कुणी गाल ओढला नाही, कुणी पिचकारी दाखवली नाही.

मावशींनी पदराचं टोक त्या डागाला टेकवून उजेडात धरलं. “पिवळी जर्द हाय, पानी अजून कमीच हाय. पन हाय!”

आम्ही तिथूनच फोन लावला. पाचला आठ मिनिटं कमी होती. डॉक्टर रोवेनाने आधी नीट विचारून घेतलं, किती, कसल्या रंगाची, मान धरतेय का, आणि मग ती पण ओरडली, “येस!” मग लगेच डॉक्टरच्या आवाजात, “आज येऊ नका, गर्दीत हाल होतील तिचे. रात्री बारापर्यंत असंच द्या, उद्या सकाळी रस्ते उघडले की इंजेक्शनला आणा. उलटी झाली नाही तर उद्या दुपारी भाताच्या पेजेची निवळ चमचाभर. अजून धोका टळलेला नाही, मावशी, पण आता ती आपल्या बाजूला आहे.”

“माहीत हाय,” मावशी म्हणाल्या. “वॉर्डात पोर मुतलं की आमी आईला जेवायला धाडायचो.”

परत आलो तेव्हा बिल्डिंगच्या दारात बाकीच्या बायका उभ्या होत्या. मावशी लुगडं बदलायला घरात गेल्या नाहीत. आधी प्रत्येकीसमोर जाऊन तो डाग दाखवला. “बघ. हात लावून बघ. गरम हाय अजून.” आणि काय सांगू, उपासाच्या, अंघोळ केलेल्या, अंगारकीच्या दिवशीच्या सगळ्या बायकांनी हात लावून बघितला! बायजाकाकू सगळ्यात शेवटी. त्यांनी एकच बोट पुढे केलं, टेकवलं, आणि “ओलं आहे खरंच” म्हणून तोंडाला पदर लावून हसल्या. मग त्याच बोटाला धरून, जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे असं लांब धरून, दुसऱ्यांदा अंघोळ करायला जिना चढून गेल्या.